तिसरं वाक्य : इंग्रजी संभाषणातून आयर्लंडची ओळख



हॉस्टेलवर दर वर्षी टर्म सुरू झाली की एक साथ येते. तापाची नव्हे, इंग्रजी बोलण्याची! ‘आजपासून रूममध्ये फक्त इंग्रजी. मराठी बोलेल त्याला एक रुपया दंड’ असा कागद दारामागे चिकटतो. पहिल्या दिवशी ‘गुड मॉर्निंग’ होतं, ‘हाऊ आर यू’ होतं, ‘आय अ‍ॅम फाइन’ होतं. मग ‘व्हॉट इज इन द मेस टुडे?’ येतं. मेसमध्ये काय आहे ते दोघांनाही ठाऊक असतं (आणि त्यावर बोलण्यासारखं काही नसतं हेही ठाऊक असतं!), त्यामुळे संभाषण तिथेच संपतं. तिसऱ्या दिवशी दंडाच्या पैशांचा चहा होतो, आणि तो चहा मराठीतच प्यायला जातो.

मग आपण म्हणतो, ‘शब्दच कमी पडतात रे!’ पण खरंच शब्द कमी पडतात का? बारावीपर्यंत इंग्रजी शिकून आणि इथे सगळी पुस्तकं इंग्रजीतून वाचून शब्द पुष्कळ जमलेले असतात. कमी पडतो तो विषय. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न किती वेळ विचारणार? पहिलं वाक्य पाठ असतं, दुसरं पाठ असतं. संभाषण सुरू होतं ते तिसऱ्या वाक्यापासून. आणि ते पाठ करता येत नाही, कारण ते समोरचा काय बोलला त्यावर ठरतं.

म्हणून या लेखात एक वेगळा प्रयोग सुचवतो. सरावासाठी एक देश निवडा. दोघांपैकी एकानं त्या देशातला यजमान व्हायचं, दुसऱ्यानं पाहुणा. यजमानानं आधी थोडं वाचून यायचं, पाहुण्यानं कोऱ्या पाटीनं यायचं. वीस मिनिटं बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी भूमिका बदलायच्या. इंग्रजी सुधारतं आणि जोडीला एक देश कळतो. एका दगडात दोन आंबे!

देश म्हणून मी आयर्लंड निवडला आहे. युरोपच्या पश्चिम टोकाचं हे बेट महाराष्ट्राच्या साधारण पाव हिश्शाएवढं. तिथे जवळपास सगळे इंग्रजी बोलतात, पण ती त्यांची मूळ भाषा नव्हे. मूळ भाषा आयरिश, म्हणजेच गेलिक. म्हणजे हा इंग्रजी शिकून मोठा झालेला देश आहे, अगदी आपल्यासारखा! त्यामुळे तिथल्या इंग्रजीत आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे. चला तर मग.

धडा पहिला : हवा

पाहुणा : गुड मॉर्निंग! हाऊ आर यू?
यजमान : ग्रँड. सॉफ्ट डे, थँक गॉड.
पाहुणा : सॉफ्ट? व्हॉट इज अ सॉफ्ट डे?

‘ग्रँड’ म्हणजे भव्य, हे आपलं डिक्शनरीतलं ज्ञान. आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’ म्हणजे ‘ठीक, चाललंय’. पेपर कसा गेला? ग्रँड. पाय कसा आहे? ग्रँड. आणि ‘सॉफ्ट डे’ म्हणजे मऊ दिवस नव्हे, तर बारीक भुरभुर पावसाचा दिवस. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर भिजतो, असा पाऊस.

आता पाहुण्यानं विचारलेल्या एका प्रश्नामुळे काय काय कळतं ते बघा. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वर्षातले सुमारे १५० दिवस पाऊस पडतो, पश्चिम किनाऱ्यावर सुमारे २२५ दिवस. पण राजधानी डब्लिनचा वर्षाचा एकूण पाऊस साधारण पुण्याएवढाच भरतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून जातो, तिकडे बारा महिने टिपटिप चालते. म्हणून हिरवळ कायम, गाईगुरं कायम आणि हवेवरच्या गप्पाही कायम. उन्हाळा म्हणाल, तर तिथला उच्चांक १८८७ साली किलकेनीला नोंदलेला ३३.३ अंश सेल्सियसचा. आपल्या अकोला-नागपूरकरांना हे ऐकूनच गार वाटेल!

न समजलेल्या शब्दाला मान डोलावून ‘येस येस’ म्हणायचं नाही. तो शब्द हातात धरून विचारायचं. ‘व्हॉट डू यू मीन बाय...’ हे चार-पाच शब्द नीट जमले तरी निम्मा सराव झाला.

सराव : यजमानानं आपल्याकडच्या पावसाचे प्रकार (रिमझिम, मुसळधार, वळीव, झड) इंग्रजीत समजावून सांगायचे. डिक्शनरीत शब्द शोधायचा नाही, वर्णन करायचं. ‘वळवाचा पाऊस’ सांगताना कशी दमछाक होते ते कळेल.

धडा दुसरा : गाव कुठलं?

पाहुणा : व्हेअर आर यू फ्रॉम?
यजमान : आय अ‍ॅम अ केरी मॅन.
पाहुणा : केरी? इज दॅट अ टाऊन? व्हॉट इज इट नोन फॉर?

आपल्याकडे नवा माणूस भेटला की ‘गाव कुठलं?’ हा प्रश्न ठरलेला. तिथे गावाइतकाच महत्त्वाचा असतो तो परगणा, त्यांच्या भाषेत ‘काउंटी’. संपूर्ण बेटावर अशा ३२ काउंट्या. त्यांतल्या २६ आयर्लंड प्रजासत्ताकात आणि ६ उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात.

माणूस केरीचा म्हटल्यावर पुढचा विषय आपोआप येतो, तो म्हणजे गेलिक फुटबॉल. या खेळात केरीनं देशाचं अजिंक्यपद सर्वांत जास्त वेळा जिंकलंय. किलकेनीचा माणूस असेल तर हर्लिंगवर बोला. हातात लाकडी काठी, लहानसा चेंडू आणि बघणाऱ्याचा जीव मुठीत! हे खेळ चालवणारी संघटना १८८४ साली स्थापन झाली. खेळाडू हौशी असतात, त्यांना पगार नसतो. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२ हजार प्रेक्षकांसमोर रविवारी फायनल खेळलेला गडी सोमवार उजाडला की आपल्या शाळेत शिकवायला किंवा साइटवर कामाला जाणारा असतो. आणि तो खेळतो आपल्या जन्माच्या काउंटीसाठी, सहसा दुसऱ्या कोणासाठी नाही. आता सांगा, या लोकांना ‘व्हेअर आर यू फ्रॉम’ हा प्रश्न नुसता शिष्टाचाराचा वाटेल का?

गावांची नावंही बोलकी आहेत. ‘बॅली’नं सुरू होणारी नावं पुष्कळ. मूळ आयरिश शब्द ‘बाले’, म्हणजे वस्ती, आपल्या ‘वाडी’सारखं. ‘किल’ म्हणजे बहुतेक वेळा चर्च. किल्डेअर म्हणजे ओक वृक्षाचं चर्च. खुद्द डब्लिनचा मूळ अर्थ काळा डोह. १८२४ ते १८४६ या काळात ब्रिटिश लष्करी इंजिनियरांनी सबंध बेटाची मैलाला सहा इंच या प्रमाणात मोजणी केली, तेव्हा ही नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये बसवून नकाशावर छापली गेली. सिव्हिलवाल्यांसाठी खास : त्या मोजणीसाठी थॉमस कोल्बी यांनी तापमानानं लांबी बदलणार नाही असे जे बार तयार करवून घेतले, तसेच बार पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी भारताच्या सर्वेक्षणात वापरले. सर्व्हेइंगच्या तासाला झोप आली की हे आठवा.

सराव : आपापल्या गावाचं नाव कशावरून पडलं, ते तीन मिनिटं इंग्रजीत सांगा. समोरच्यानं किमान तीन प्रश्न विचारायचे.

धडा तिसरा : चहा

यजमान : विल यू हॅव अ कप ऑफ टी?
पाहुणा : नो, थँक यू.
यजमान : आह, यू विल! द कप्स आर इन द प्रेस.
पाहुणा : इन द प्रेस? विच प्रेस?

पाहुणा बिचारा छापखाना शोधतोय! आयर्लंडमध्ये ‘प्रेस’ म्हणजे कपाट. ‘हॉट प्रेस’ म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट; त्यात कपडे, चादरी उबदार राहतात. वर्षातले दीडदोनशे दिवस पाऊस असलेल्या देशात या कपाटाची किंमत काय असेल, हे पावसाळ्यात हॉस्टेलच्या दोरीवर जीन्स वाळत घालणाऱ्याला सांगायला नको.

दरडोई चहा पिण्यात हा देश जगात अगदी वरच्या रांगेत आहे. आणि चहा कसा, तर कडक, दूध घातलेला. पण त्याहून मजेची गोष्ट म्हणजे आग्रह. पहिला नकार खरा धरायचा नसतो, हे तिथेही आहे! ‘यू विल’ म्हणजे आपलं ‘घ्या हो, अर्धा कप!’ पाहुण्यानं एकदा नको म्हणायचं, यजमानानं पुन्हा विचारायचं, मग पाहुण्यानं ‘बरं, तुम्ही म्हणताच आहात तर’ असा चेहरा करायचा. पुस्तकात वाचलेल्या इंग्लिश मॅनर्सप्रमाणे ‘नो’ म्हणजे ‘नो’ असं समजून चाललात, तर चहाला मुकाल.

असे आणखी काही शब्द वहीत टिपून ठेवा. ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे वाटप नव्हे, रागावणं, बोल लावणं. ‘द टीचर गेव्ह आउट टू मी’ म्हणजे सरांनी मला झापलं. ‘योक’ म्हणजे नाव न आठवणारी वस्तू, आपलं ‘ते हे’. ‘गार्ड्‌स’ म्हणजे पोलीस. तिथल्या पोलीस दलाचं आयरिश नाव ‘गार्डा शीखाना’, म्हणजे शांततेचे रखवालदार. १९२२ साली स्थापन झालेल्या या दलाचे बहुतेक शिपाई आजही बंदूक बाळगत नाहीत. आणि बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्स’ म्हणून उतरायची पद्धत आहे. एस.टी.तून उतरताना करून बघा एकदा, ड्रायव्हरकाका दचकतील, पण खूश होतील.

सराव : एकानं चहाचा आग्रह करायचा, दुसऱ्यानं तीन वेगवेगळ्या पद्धतींनी नको म्हणायचं. ‘नो’ हा शब्द न वापरता!

धडा चौथा : हो आणि नाही

पाहुणा : डिड यू हॅव युअर डिनर?
यजमान : आय डिड. आय अ‍ॅम आफ्टर हॅविंग इट.
पाहुणा : आफ्टर हॅविंग इट? यू मीन, जस्ट नाऊ?

हा धडा जरा सावकाश वाचा, कारण इथे आपला थेट संबंध आहे.

यजमान ‘येस’ म्हणाला नाही, ‘आय डिड’ म्हणाला. का? आयरिश भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी स्वतंत्र शब्दच नाहीत. प्रश्नातलं क्रियापदच उत्तरात परत येतं. आपणही हे करतो की! ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘आला का तो?’ ‘आला.’ ती सवय आयरिश माणसानं इंग्रजीत नेली. तसंच ‘आय अ‍ॅम आफ्टर हॅविंग इट’. शब्दशः ‘मी जेवणानंतर आहे’, म्हणजे नुकताच जेवलोय. हीसुद्धा आयरिश वाक्यरचना, इंग्रजी कपड्यांतली.

आता आणखी गंमत. आयरिशमध्ये ‘हॅव’ या अर्थाचं क्रियापद नाही. ‘आय हॅव अ बुक’ म्हणायला ते ‘पुस्तक माझ्याकडे आहे’ अशीच रचना करतात. भूक लागली तर ‘माझ्यावर भूक आहे’ म्हणतात. मराठीत आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो. आपल्याकडेही भूक हा कर्ता आणि आपण नुसते भोगणारे! शिवाय ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हे वेगळे शब्द त्यांच्याकडेही आहेत (मात्र ‘तुम्ही’ अनेकांसाठी, आदरासाठी नव्हे). इंग्रजीत दोन्हींना एकच ‘यू’ मिळाल्यावर त्यांची अडचण झाली, तेव्हा अनेकांना उद्देशून ते ‘यी’ किंवा ‘यूज’ म्हणू लागले.

मराठी मीडियममधून आलेल्या मित्रांनो, यातून एक गोष्ट घ्या. आपण इंग्रजी बोलताना मराठी वळणाचं वाक्य होतं, तेव्हा ते डोकं कमी असल्यामुळे होत नाही. एक भाषा नीट येत असल्यामुळे होतं. मात्र म्हणून इंटरव्ह्यूला ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणा, असं मी सांगत नाहीये हं! आयरिश लोकांना आपलं वळण माहीत असतं आणि प्रमाण इंग्रजीही माहीत असतं. कुठे काय वापरायचं ते कळतं. आपल्यालाही दोन्ही कळायला हवं. लाज सोडायची, अभ्यास नाही.

सराव : पाच मिनिटं ‘येस’ आणि ‘नो’ न वापरता प्रश्नोत्तरं करा. ‘आय डू’, ‘आय हॅव’, ‘शी वॉज’, ‘दे कान्ट’ अशीच उत्तरं द्यायची. काळ आणि सहाय्यक क्रियापदं चुटकीसरशी पक्की होतात.

धडा पाचवा : भाषा गेली कशी?

पाहुणा : डू यू स्पीक आयरिश?
यजमान : अ बिट. वुई ऑल डिड इट इन स्कूल.
पाहुणा : अँड युअर ग्रेट-ग्रँडमदर? डिड शी स्पीक इट?

वरच्या सगळ्या धड्यांत आपण हसत होतो. या तिसऱ्या वाक्यानंतर मात्र यजमान थोडा थांबेल.

१८४१ साली या बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. गरिबांचं पोट बटाट्यावर चाले. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पुढची काही वर्षं पीक पुन्हा पुन्हा हातचं गेलं. सुमारे १० लाख माणसं भुकेनं आणि रोगराईनं मेली आणि १० लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्याच वर्षांत देशातून धान्य आणि गुरं जहाजांनी बाहेर जातच होती. दुष्काळ निसर्गाचा होता, पण मरण किती यावं हे राज्यकर्त्यांच्या धोरणानंही ठरवलं. आपल्याकडच्या ब्रिटिश काळातल्या दुष्काळांचा इतिहास वाचलेल्याला हे नवीन नाही. आजही दोन्ही भाग मिळून बेटाची लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास आहे, म्हणजे १८४१ पेक्षा कमीच!

मेले आणि गेले ते जास्त करून पश्चिमेकडचे गरीब, म्हणजेच आयरिश बोलणारे. जे राहिले त्यांना कळून चुकलं की मुलाला अमेरिकेच्या बोटीवर चढवायचं तर इंग्रजी हवी. १८३१ पासून सरकारी शाळा सुरू झाल्या होत्या, त्या इंग्रजीच्याच. कित्येक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवत. मूल आयरिश शब्द बोललं की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजून तेवढी शिक्षा. आणि या कामात शाळेला घरच्यांचीही साथ असे. आईबाप दुष्ट नव्हते. त्यांना मुलाचं भलं हवं होतं.

१८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख होते. १९११ पर्यंत ते ६ लाखांच्याही खाली आले. स्वातंत्र्यानंतर १९३७ च्या राज्यघटनेनं आयरिशला पहिली राजभाषा केलं, ती सगळ्या शाळांत शिकवतात, रस्त्यावरच्या पाट्यांवर ती आधी असते, १९९६ पासून तिचं स्वतंत्र टी.व्ही. चॅनेल आहे. तरी २०२२ च्या जनगणनेत काय दिसलं? ‘आयरिश येतं’ म्हणणारे सुमारे १९ लाख. शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार. एकदा घरातून गेलेली भाषा पाठ्यपुस्तकातून परत येणं किती कठीण असतं, ते या दोन आकड्यांत आहे.

आता आपल्या दारामागचा तो कागद आठवा. ‘मराठी बोलेल त्याला एक रुपया दंड.’ गळ्यातली काठी आणि तो रुपया यांच्यात फरक आहे, मान्य. आपण तो आपल्या खुशीनं लावतो आणि त्याचा चहा पितो. पण कल्पना तीच आहे : एक भाषा यायची तर दुसरी बोलणं हा गुन्हा ठरवायचा. माझं स्पष्ट मत आहे की तो कागद काढून टाकावा. दंडानं माणूस गप्प होतो, बोलका होत नाही. इंग्रजीची वेळ ठरवा, रोज वीस मिनिटं, आणि त्या वेळात मनापासून इंग्रजी बोला. उरलेल्या वेळात मनापासून मराठी बोला. आयर्लंडला त्या काळी दोन्ही भाषा ठेवण्याची मोकळीक परिस्थितीनं दिली नाही. आपल्याला ती आहे.

सराव : आजी-आजोबांचा एखादा शब्द, जो आता तुमच्या घरात कुणी वापरत नाही, तो इंग्रजीतून समजावून सांगा. शेतीचा, स्वयंपाकाचा, कुठलाही.

धडा सहावा : आपल्या पुस्तकातली माणसं

पाहुणा : आय अ‍ॅम अ‍ॅन इंजिनियरिंग स्टुडंट.
यजमान : आर यू? देन यू नो जॉर्ज बूल.
पाहुणा : बूलियन बूल? वॉज ही आयरिश?

उत्तर : जन्मानं इंग्लिश, पण १८४९ पासून १८६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये ज्या अल्जिब्रानं आपल्याला रडवलं, त्याचं मुख्य पुस्तक त्यांनी तिथे असतानाच, १८५४ साली काढलं. फ्लुइड मेकॅनिक्समधल्या नेव्हियर-स्टोक्सपैकी स्टोक्स जन्मले स्लायगो काउंटीत, १८१९ साली. थर्मोडायनॅमिक्समधले लॉर्ड केल्व्हिन १८२४ साली बेलफास्टला. इंडक्शन कॉइल तयार करणारे निकोलस कॅलन हे मेनूथच्या कॉलेजातले पाद्री प्राध्यापक, साल १८३६. आणि विल्यम रोवन हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी बायकोबरोबर कालव्याकाठी चालताना क्वाटर्नियनचं सूत्र सुचलं, ते त्यांनी तिथेच पुलाच्या दगडावर कोरलं. (हॉस्टेलच्या भिंतींवर कोरकाम करणाऱ्यांनी याचा दाखला रेक्टरसाहेबांना देऊ नये!)

इलेक्ट्रिकलवाल्यांनी आर्डनाक्रशाबद्दल जरूर विचारावं. १९२२ साली देश मोकळा झाला, तो यादवी युद्धात होरपळून निघालेला, तिजोरीत खडखडाट. जर्मनीत सीमेन्समध्ये काम केलेला टॉमस मॅकलॉक्लिन हा तरुण आयरिश इंजिनियर मागे लागला की शॅनन नदीवर वीज करू. लोकांनी वेड्यात काढलं. १९२५ मध्ये काम सुरू झालं, १९२९ मध्ये केंद्र चालू झालं आणि पुढे काही वर्षं देशातली बहुतेक वीज तिथून येत होती. ते आजही चालू आहे.

सराव : आपल्या ब्रँचमधला एक शोध, यजमानाच्या आजीला समजेल अशा इंग्रजीत सांगा. ओरल्सची तयारी यापेक्षा चांगली होत नाही.

धडा सातवा : जपून विचारायचं आणि उलट्या प्रश्नांना तयार राहायचं

पाहुणा : आयर्लंड इज इन ब्रिटन, नो?
यजमान : इट इज नॉट.
पाहुणा : ...?

इथे तिसरं वाक्य सुचणार नाही, कारण पहिलंच चुकलं! आयर्लंड प्रजासत्ताक हा स्वतंत्र देश आहे, चलन युरो आहे. उत्तर आयर्लंडचा प्रश्न तर फारच नाजूक. तिथे तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. १० एप्रिल १९९८ च्या करारानंतर तो बराच थांबला. तिथला माणूस स्वतःला ब्रिटिश म्हणवू शकतो, आयरिश म्हणवू शकतो किंवा दोन्ही. त्यामुळे आपण ठरवून टाकायचं नाही. ‘हाऊ डू पीपल सी इट व्हेअर यू लिव्ह?’ असं विचारायचं आणि ऐकायचं. चांगल्या संभाषणात ऐकणं निम्म्याहून जास्त असतं.

एक विषय असा आहे, जो भारतीय म्हटल्यावर यजमान स्वतःच काढेल. २०१२ साली मूळच्या बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार यांचा गॉलवेच्या रुग्णालयात मृत्यू झाला. गर्भ वाचणार नाही हे ठाऊक असूनही, तिथल्या तेव्हाच्या कायद्यामुळे मागूनही गर्भपात नाकारला गेला होता. त्या मृत्यूनं देश हलला. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी घटनेतलं ते कलम काढून टाकण्याच्या बाजूनं मत दिलं. आपल्या बाजूच्या एका मुलीचं नाव तिथल्या घराघरांत माहीत आहे, हे आपल्यालाही माहीत असावं.

आणि मग उलटे प्रश्न येतील. ‘आमचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर तुमच्याच भागातले ना?’ २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात पंतप्रधान असलेल्या वराडकरांचे डॉक्टर वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. तिथला यजमान विचारेल, ‘व्हॉट इज वराड लाइक?’ काय सांगाल? ‘तुमच्या भाषेला किती बोली आहेत?’ हा प्रश्न तर नक्की. भारतीय भाषांचं पहिलं मोठं सर्वेक्षण करणारे जॉर्ज ग्रियर्सन हे डब्लिन परिसरातलेच. त्यांच्या ग्रंथमालेचा १९०५ साली निघालेला सातवा खंड खास मराठीचा आहे. आपली भाषा एका आयरिश माणसानं गावोगावचे नमुने मागवून नोंदवून ठेवली. आणि आपण वऱ्हाडी मित्राच्या ‘करून राह्यलो’ला हसतो!

दुसऱ्याचा देश विचारता विचारता आपल्याला आपला देश किती कमी माहीत आहे, हे कळायला लागतं. इंटरव्ह्यूमध्ये ‘टेल मी समथिंग अबाउट युअर डिस्ट्रिक्ट’ म्हटल्यावर जी बोबडी वळते, ती इंग्रजीमुळे नव्हे. मराठीत विचारलं असतं तरी वळली असती.

घरचा अभ्यास

१) आयर्लंडचा सरकारी रेडिओ, आर.टी.ई. रेडिओ वन, इंटरनेटवर फुकट ऐकता येतो. आपलं घड्याळ तिकडच्या उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असतं. रात्री जेवून आल्यावर त्यांचा दुपारचा कार्यक्रम लावा. रोज दहा मिनिटं. पहिले आठ दिवस काही कळणार नाही, कळत नाही म्हणून बंद करू नका.

२) एक वही करा. डावीकडे न समजलेला शब्द, उजवीकडे त्यावर तुम्ही विचाराल तो प्रश्न. अर्थ नव्हे, प्रश्न!

३) आयर्लंड संपलं की दुसरा देश घ्या. न्यूझीलंड घ्या, जमैका घ्या, नायजेरिया घ्या. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी वेगळी, कारण प्रत्येक ठिकाणचा इतिहास वेगळा.

४) आपल्या विंगमध्ये नांदेडचा, चंद्रपूरचा, सावंतवाडीचा कोणी आहेच. अधूनमधून त्यालाच ‘परदेश’ समजा आणि इंग्रजीत मुलाखत घ्या. गाव कुठलं, ते का प्रसिद्ध आहे, घरी चहा कसा करतात, आजी काय बोलायची. चार वर्षं शेजारच्या खोलीत राहूनही माहीत नसलेल्या गोष्टी वीस मिनिटांत कळतील.

उच्चार सावकाश सुधारतील, ग्रामर हळूहळू बसेल. समोरच्याबद्दल उत्सुकता मात्र कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही, ती आपल्यालाच आणावी लागते. पहिली दोन वाक्यं सगळ्यांचीच पाठ आहेत. तिसरं तुमचं तुम्ही बोला. चला, लागा कामाला!